लिलावांतील शेवटची बोली

लिलाव हा शब्द पोर्तुगीज भाषेंतून मराठींत आला. परंतु त्याची रीत करवीर नगरींतील विद्यार्थ्यांस परकी नाहीं. श्रीशाहू छत्रपति महाराजांनीं १८९५ सालीं शाहूपुरीची व्यापारपेठ वसविली, तेव्हांपासून गुळाचे सौदे हा आपल्या नगरीच्या वैभवाचा एक भाग होऊन राहिला आहे. दिवाळीच्या पाडव्यास बाजार समितीच्या आवारांत नव्या हंगामाचे सौदे सुरू होतात. गुळाच्या रव्यांभोंवतीं अडते, व्यापारी व शेतकरी जमतात आणि बोली चढूं लागते. अलीकडे मात्र लिलावाची एक नवी जात घरोघरीं शिरली आहे. जुनीं नाणीं, टपालाचीं तिकिटें, दुर्मिळ पुस्तकें इत्यादि वस्तूंवर घरबसल्या मोबाइलवरून बोली लावतां येते. या लिलावांत अनुभवी लोक आरंभीं गप्प बसतात आणि अगदीं शेवटच्या सेकंदास बोली टाकतात. हें ते कां करतात, त्यांत लाभ कोणाचा व हानि कोणाची, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम लिलाव संपतो कसा, हें पाहूं. समोरासमोरच्या लिलावांत पुकारणारा ‘एकवार, दोनवार, तीनवार’ असें म्हणतो. या तीन शब्दांत मोठें शहाणपण सांठविलेलें आहे. ‘दोनवार’ म्हटल्यावर कोणीं बोली वाढविली, तर पुकारणाऱ्यास पुन्हां ‘एकवार’ पासून आरंभ करावा लागतो. म्हणजे हा लिलाव घड्याळाच्या कांट्यावर संपत नसून सर्वांच्या मौनावर संपतो. ज्याला उत्तर द्यावयाचें आहे, त्याला तें देण्यास अवसर मिळतोच. पूर्वीं पुष्कळ बाजारांत अडत्या व व्यापारी रुमालाखालीं एकमेकांचीं बोटें दाबून भाव ठरवीत आणि शेजारीं उभ्या असलेल्या शेतकऱ्यास आपल्या मालाचें काय झालें, हें कळतही नसे. उघड लिलावाचें महत्त्व यावरून ध्यानांत येईल.

परंतु लिलावाचा शेवट आधींच नेमून ठेविला, तर काय होतें? याचें एक जुनें व मनोरंजक उदाहरण इंग्लंडांत सांपडतें. तेथें सतराव्या शतकांत इंचभर मेणबत्ती पेटवून लिलाव करीत. ज्योत विझण्यापूर्वीं ज्याची बोली शेवटची, त्याचा माल. आरमाराच्या कचेरींतील अधिकारी सॅम्युएल पेप्स यांनीं १६६२ सालच्या आपल्या रोजनिशींत अशा एका लिलावाची हकीकत नमूद केली आहे. जुनीं जहाजें विकावयाचीं होतीं. त्या वेळीं एक गृहस्थ इतरांपेक्षां नेमका बोली साधीत असे. विचारतां त्यानें सांगितलें कीं, ज्योत विझण्याच्या क्षणीं धूर खालीं उतरतो. तो पाहून आपण बोली पुकारतों! सारांश, शेवटच्या क्षणाची ही कला संगणकाच्या कितीतरी आधींची आहे. मेणबत्तीच्या जागीं आतां घड्याळ आलें, इतकेंच.

१९९५ सालीं अमेरिकेंत पिएर ओमिड्यार यांनीं पुढें ‘ईबे’ या नांवानें प्रसिद्ध झालेला ऑनलाइन लिलाव सुरू केला. मुंबईची ‘बाझी डॉट कॉम’ ही संस्था ईबेनें २००४ सालीं विकत घेतली व त्या मार्गानें ही पद्धत आपल्याकडे पसरली. ईबेचा तो भारतीय बाजार २०१८ सालीं बंद झाला. तथापि त्याच्या नियमांचा नमुना समजून घेण्यासारखा आहे. ठरलेल्या दिवशीं ठरलेल्या सेकंदास लिलाव संपणार. बोली लावणारानें आपली कमाल रक्कम गुप्तपणें नोंदवावी. मग प्रतिस्पर्ध्यास मागें टाकण्यापुरतीच बोली यंत्र त्याच्या वतीनें वाढवीत जातें. अर्थात् जिंकणाऱ्यास स्वतःची कमाल रक्कम द्यावी लागत नाहीं. दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीहून किंचित् अधिक दिलें म्हणजे झालें. या तऱ्हेच्या लिलावाचें शास्त्र विल्यम विकरी या अर्थशास्त्रज्ञानें १९६१ सालच्या एका निबंधांत मांडलें. दुसऱ्याच्या बोलीइतकेंच द्यावयाचें असेल, तर मनांतली खरी किंमत सांगण्यांतच प्रत्येकाचें हित असतें, हें त्यानें दाखविलें. १९९६ सालीं त्यास नोबेल पारितोषिक जाहीर झालें आणि तीनच दिवसांनीं त्याचें निधन झालें.

येथें चौकस विद्यार्थी विचारील कीं, खरी किंमत आरंभींच सांगणें हिताचें असेल, तर लोक शेवटच्या सेकंदाची वाट कां पाहतात? उत्तर असें कीं, सर्वच माणसें हिशेबानें वागत नाहींत. समजा, एका नाण्याच्या बोलीचा आरंभ ३०० रुपयांपासून आहे व प्रत्येक पायरी १० रुपयांची आहे. गोविंदरावांच्या मनांत ९०० रुपयांपर्यंत जाण्याची तयारी आहे. पण ते नोंदवितात ३००च. कोणीं मागें टाकलें तर वाढवूं, असा त्यांचा विचार. माधवरावांची मर्यादा ८०० आहे. त्यांनीं पहिल्याच दिवशीं ८०० नोंदविले, तर गोविंदराव चिडून एकेक पायरी चढत ८१० रुपयांस नाणें नेतील. परंतु माधवरावांनीं शेवटच्या सेकंदास ८०० नोंदविले, तर गोविंदरावांस उत्तर देण्यास वेळच उरणार नाहीं आणि नाणें माधवरावांस ३१० रुपयांस मिळेल. विकणाऱ्याचे ५०० रुपये एका सेकंदांत बुडाले! आतां तिसरा प्रकार पाहा. गोविंदरावांनीं आरंभींच ९०० नोंदविले असते, तर माधवरावांची शेवटची बोली येतांच यंत्रानें ८१० करून नाणें गोविंदरावांकडेच ठेविलें असतें. म्हणजे शेवटच्या बोलीचें बळ तिच्या स्वतःच्या अंगीं नसून प्रतिस्पर्ध्याच्या चालढकलींत असतें.

दुसरें कारण ज्ञानाचें आहे. जाणकाराची बोली दिसली कीं, वस्तु अस्सल आहे हें इतरांस फुकट कळतें; म्हणून जाणकार आपलें मत शेवटपर्यंत झांकून ठेवतो. ॲल्विन रॉथ व अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स या विद्वानांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत ईबेवरील संगणकांच्या ४० टक्के, तर पुराणवस्तूंच्या ५९ टक्के लिलावांत शेवटची बोली अखेरच्या पांच मिनिटांत आल्याचें आढळलें. त्याच काळीं ॲमेझॉनच्या लिलावांत हें प्रमाण सुमारें ३ टक्केच होतें. कारण तेथें नियम निराळा होता: अखेरीस नवी बोली आली कीं मुदत वाढे, आणि दहा मिनिटें कोणीच बोललें नाहीं, म्हणजे लिलाव संपे. यंत्रास जणूं ‘एकवार, दोनवार, तीनवार’ शिकविलें होतें!

हा प्रश्न नाण्यांपुरता नाहीं. १४ एप्रिल २०१६ रोजीं केंद्र सरकारनें ‘ई-नाम’ हा राष्ट्रीय कृषि बाजार सुरू केला व शेतमालाची बोलीही संगणकावर येऊं लागली. वरील उदाहरणांत ज्याचे ५०० रुपये बुडाले, त्याच्या जागीं वर्षभर राबलेला शेतकरी उभा आहे असें समजा, म्हणजे नियमाचें मोल कळेल. बँका तारणाच्या मालमत्तेचे जे ऑनलाइन लिलाव करतात, त्यांच्या जाहिरातींत आपोआप मुदतवाढीची अट पुष्कळदां असते, ती याच कारणासाठीं. शेवटच्या क्षणीं बोली लावणारा नियमभंग करीत नाहीं; म्हणून त्यास दोष देण्यापेक्षां नियमच सुधारणें हा खरा उपाय होय.

विद्यार्थ्यांस आमचें सांगणें इतकेंच. शेवटच्या सेकंदावर विसंबणें धोक्याचें आहे. ऐन वेळीं वीज गेली किंवा इंटरनेट मंदावलें, तर बोली पोंचतच नाहीं. त्याहून मोठा धोका ईर्षेचा. कोल्हापूरच्या मातींत ईर्षा भरपूर आहे. तालमींत ती शोभते, लिलावांत ती खिसा रिकामा करते. म्हणून वस्तूचें आपल्यास किती मोल आहे, हें आदल्या दिवशीं शांत चित्तानें कागदावर लिहावें व तितकीच रक्कम नोंदवून स्वस्थ बसावें. वस्तु अधिक किंमतीस दुसऱ्याकडे गेली, तर ती आपल्या ऐपतीची नव्हती असें समजावें. पालकांसही एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणें अज्ञान मुलास करार करण्याचा अधिकार नाहीं, आणि लिलावांतील बोली स्वीकारली जातांच करार होतो. तेव्हां अठरा वर्षांखालील मुलानें बोली लावावयाची ती पालकांनीं, शेजारीं बसून, स्वतःच्या नांवानें लावावी. त्या निमित्तानें कागदावर लिहिलेली मर्यादा दोघांच्याही डोळ्यांसमोर राहील.