एकटीने, गाडीने, जंगलांच्या वाटेवर : लांब प्रवासाचं नियोजन कसं करावं?



गाडीच्या मागच्या सीटवर गादी, डिकीत शेगडी, समोर तळं आणि गाडीबाहेर एकटाच प्रवासी. असे व्हिडिओ आपण सगळेच बघतो आणि सुट्टी जवळ आली की आपल्यालाही निघावंसं वाटतं. ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या गर्दीत वर्षभर लोकल आणि रिक्षांमध्ये उभं राहणाऱ्या माणसाला तर फारच. हे आपल्याकडे करता येतं का? येतं. पण त्या व्हिडिओंची नक्कल करून नाही. आपल्या जंगलांचे नियम, आपलं हवामान आणि शाळेचं वेळापत्रक या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. या दिवाळीच्या सुट्टीसाठी मी विदर्भातल्या चार राष्ट्रीय उद्यानांची योजना आखली आहे. तिच्या आधाराने हा विषय टप्प्याटप्प्याने समजून घेऊ.

1. आधी नियम : गाडी रस्त्यावरचं घर आहे, जंगलातलं नाही

अमेरिकेतल्या बऱ्याच राष्ट्रीय उद्यानांत मुक्कामासाठी क्रमांक दिलेल्या जागा असतात. तिथे गाडी लावायची, तंबू ठोकायचा, ठरलेल्या जागीच शेकोटी पेटवायची. आपण बघतो ते बरेचसे व्हिडिओ अशा जागांचे असतात.

आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 लागू आहे. राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्यात परवान्याशिवाय जाता येत नाही. आत आग लावणं, शस्त्र नेणं, प्राण्यांना त्रास देणं, कचरा टाकणं हे गुन्हे आहेत. ताडोबासारख्या ठिकाणी सफारी ही नोंदणी केलेल्या जिप्सीतून आणि गाइडसोबतच होते. आपली गाडी गेटबाहेर राहते. म्हणजे वाघाच्या जंगलात गाडी लावून झोपणं हा प्रकार इथे नाहीच. आणि तो नसावा हे बरंच आहे, कारण जंगलाला लागून बफर क्षेत्र आणि त्यात गावं आहेत. तिथली माणसं रोज बिबटे, वाघ, अस्वलांच्या शेजारी राहतात. आपण रस्त्याकडेला टाकलेलं उरलेलं अन्न जनावरांना रस्त्यावर आणतं आणि त्याची किंमत गावकरी मोजतात.

मग गाडीत झोपायचं कुठे? वन विभागाच्या किंवा एमटीडीसीच्या निवासाच्या आवारात परवानगी मिळाली तर, गावातल्या होमस्टेच्या अंगणात, खाजगी कॅम्पसाइटवर. यांपैकी काहीच जमलं नाही तर सरळ खोली घ्यावी. माझ्या 12 रात्रींपैकी गाडीत झोपायच्या रात्री फक्त 4 आहेत. नियम पाळून तेवढ्याच बसतात.

2. केव्हा जायचं? शाळेचं आणि जंगलाचं वेळापत्रक

शिक्षकांना लांब सुट्टी दोनदाच मिळते. उन्हाळ्यात वाघ दिसण्याची शक्यता जास्त असते, कारण पाणवठे आटतात आणि प्राणी उरलेल्या पाण्यावर येतात. पण मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो. अशा दिवसांत गाडीत झोपणं हा जिवाशी खेळ आहे. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, कोअर क्षेत्र पर्यटनासाठी बंद असतं. उरते दिवाळीची सुट्टी. जंगल हिरवं असतं, रात्री थंड असतात, गाडीत झोपता येतं. गवत उंच असल्यामुळे प्राणी कमी दिसतील, हे मनाशी मान्य करून निघावं.

दिवाळीत गर्दी असते, म्हणून सफारीचं बुकिंग काही महिने आधी, आणि अधिकृत संकेतस्थळावरूनच करावं. आपल्या मागे निवडणुकीची ड्युटी, प्रशिक्षणं केव्हा लागतील सांगता येत नाही. त्यामुळे रद्द करण्याचे नियमही बुकिंग करतानाच वाचून ठेवावेत.

3. मार्ग : शेवटापासून सुरुवातीकडे मोजा

महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत. बोरिवलीचं संजय गांधी उद्यान तर आपल्या ठाण्याच्या येऊरपर्यंत पसरलेलं आहे. चांदोली सह्याद्रीत आहे. उरलेली चार विदर्भात : गुगामल (मेळघाट), पेंच, नवेगाव आणि ताडोबा. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. आमणे आपल्याच भिवंडी तालुक्यात आहे. तिथून नागपूरपर्यंत 701 किलोमीटरचा सलग रस्ता मिळतो. माझा आराखडा असा आहे (अंतरं अंदाजे) :

- दिवस 1 : कल्याण – आमणे – मेहकर – लोणार, 440 किमी. उल्केच्या आघाताने बनलेलं सरोवर. 2020 पासून ते रामसर पाणथळ स्थळ आहे.
- दिवस 2 ते 4 : लोणार – अकोला – चिखलदरा, 250 किमी. मेळघाट, म्हणजे 1973 साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पातल्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक. कोरकू आदिवासींचा प्रदेश.
- दिवस 5, 6 : चिखलदरा – अमरावती – नागपूर – सिल्लारी (पेंच), 310 किमी. जानेवारी 2024 मध्ये पेंचला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. इथे रात्री आकाश बघायचं.
- दिवस 7, 8 : सिल्लारी – नवेगावबांध, 180 किमी. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेला मोठा तलाव. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली इथे राहिले आणि या जंगलावर त्यांनी लिहिलं.
- दिवस 9 ते 11 : नवेगावबांध – मोहर्ली (ताडोबा), 170 किमी. 1955 साली जाहीर झालेलं राज्यातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान.
- दिवस 12 : मोहर्ली – वर्धा – जालना, 460 किमी.
- दिवस 13 : जालना – कल्याण, 360 किमी.

आता यातली खरी मेख बघा. ताडोबा मंगळवारी बंद असतं. मी शनिवारी निघाले तर अकरावा दिवस मंगळवार येतो आणि ताडोबातला एक पूर्ण दिवस वाया जातो. शुक्रवारी निघाले तर अकरावा दिवस सोमवार येतो आणि मंगळवारी मी परतीच्या रस्त्याला लागलेली असते. म्हणून आधी सफारीची तारीख पक्की करायची, मग मागे मोजत निघण्याचा वार ठरवायचा. बाकी उद्यानांच्या साप्ताहिक सुट्ट्याही अशाच तपासून घ्यायच्या.

4. सूर्य आपल्याआधी मावळतो

एकट्याने गाडी चालवताना माझा सगळ्यात मोठा नियम हाच : सूर्यास्ताच्या एक तास आधी मुक्कामाला पोचायचं. जंगलालगतच्या रस्त्यांवर संध्याकाळी प्राणी बाहेर पडतात आणि पंक्चर झालं तर मदतीला कुणी नसतं.

हा सूर्यास्त ठाण्याच्या घड्याळाने धरू नका. ठाणे सुमारे 73 अंश पूर्व रेखांशावर आहे, नागपूर सुमारे 79 अंशांवर. एका अंशाला 4 मिनिटं, म्हणजे 6 अंशांना 24 मिनिटं. नोव्हेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तिकडे साडेपाचच्या आसपासच. नवेगावला आणखी थोडं लवकर. म्हणून माझी पोचण्याची वेळ साडेचार.

5. वेगाचं गणित

समृद्धीवर मोटारींना 120 किमीपर्यंत वेगाची मुभा आहे, घाटात त्यापेक्षा कमी. पण मुभा आहे म्हणून तेवढा वेग ठेवायलाच हवा असं नाही. 400 किमीला 120 च्या वेगाने 3 तास 20 मिनिटं लागतात, 100 च्या वेगाने 4 तास. वाचतात फक्त 40 मिनिटं. ताशी 120 म्हणजे सेकंदाला 33 मीटर. दोन सेकंद डोळा लागला तर गाडी 66 मीटर पुढे गेलेली असते, आणि शेजारी हाक मारायला कुणी नाही. सरळ, एकसारख्या रस्त्यावर डोळे उघडे असूनही मन सुन्न होतं. म्हणून दर दोन तासांनी विश्रांतीच्या ठरलेल्या जागी 15 मिनिटं थांबायचं. रस्त्याकडेला, कडेच्या पट्टीवर कधीच नाही. एकट्याने दिवसाला 450 ते 460 किमी ही माझी कमाल मर्यादा. घाटरस्त्यांवर हिशोब वेगळा. चिखलदऱ्याच्या वळणांवर ताशी 30 किमीच धरावेत.

6. गाडी आणि मुक्कामाची तयारी

- टायर : टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. 2321 म्हणजे 2021 सालचा 23 वा आठवडा. जुना, भेगा पडलेला टायर घेऊन समृद्धीवर जाऊ नये. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. स्टेपनीचीही.
- स्टेपनी बदलणं : निघण्याआधी सोसायटीच्या आवारात स्वतः एकदा बदलून बघा. जॅक कुठे लावायचा हे रस्त्यावर शिकायचं नसतं.
- झोपण्याचा सराव : एक रात्र सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत झोपा. वॉचमनकाकांना आधी सांगा, नाहीतर सगळी बिल्डिंग गोळा होईल! पाय पसरतात का, डास कुठून येतात, काय कमी पडतं, सगळं एका रात्रीत कळतं.
- हवा : इंजिन आणि एसी चालू ठेवून झोपू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि झोपेतच माणूस जातो. इंजिन बंद, दोन्ही बाजूंच्या काचा बोटभर खाली, त्यावर मच्छरदाणीची जाळी. गाडीच्या आत शेगडी कधीही पेटवू नये.
- खाणं-पिणं : दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाडू, भडंग. दिवसाला 5 लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं. डबे घट्ट झाकणाचे, कारण माकडांना पिशवी उघडता येते.
- कागद : लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी, आणि सफारीसाठी बुकिंगवर दिलेलंच मूळ ओळखपत्र. फास्टॅगमध्ये पुरेसे पैसे.

7. खर्च

अंतरांची बेरीज 2,170 किमी येते. इकडेतिकडे फिरणं धरून 2,500 किमी. गाडी लिटरला 15 किमी देत असेल तर सुमारे 167 लिटर पेट्रोल, आणि लिटरला 105 रुपये धरले तर साधारण 17,500 रुपये. टोल आणि मुक्काम वेगळे.

एकट्या माणसाला खरा फटका सफारीत बसतो. जिप्सीचं भाडं आणि गाइडचे पैसे गाडीमागे असतात, माणसामागे नाही. सहाजणांनी वाटून घ्यायची रक्कम एकट्याने भरावी लागते. बुकिंगमध्ये प्रवाशांची नावं नोंदवलेली असतात, त्यामुळे गेटवर ऐनवेळी कुणाच्या गाडीत बसता येईल असं धरू नये. मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून आधीच सोबती शोधावेत. मी चार उद्यानांत मिळून पाचच सफारी ठेवल्या आहेत. बाकी वेळ तलाव, पक्षी, आकाश आणि वाचन.

8. एकटं जाणं म्हणजे न सांगता जाणं नव्हे

घरचे नको म्हणतात, विशेषतः बाईमाणसाला. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांच्या हातात कागद द्यावा. रोजचा मार्ग, मुक्कामाचं ठिकाण, तिथला फोन नंबर, गाडीचा नंबर. आणि एक ठरलेला नियम. आमचा असा आहे : संध्याकाळी 7 पर्यंत माझा निरोप यायला हवा. 9 पर्यंत आला नाही तर घरच्यांनी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करायचा. तिथे मी पोचलेली नसेन तर 112 ला. मेळघाटात बऱ्याच ठिकाणी नेटवर्क नसतं, म्हणून त्या तीन दिवसांत निरोप मुक्कामावरच्या फोनवरून जाईल, हेही आधीच सांगून ठेवायचं. नाहीतर उगीच घर हवालदिल होतं.

जवळ असावेत असे नंबर : 112 (पोलीस व आपत्कालीन मदत), 108 (रुग्णवाहिका), 1033 (राष्ट्रीय महामार्ग), 1926 (वन विभाग). नकाशे ऑफलाइन उतरवून ठेवा आणि सोबत छापील नकाशाही ठेवा. 13 दिवसांचा प्रवास असला तरी शाळा उघडायच्या आधी एक दिवस मोकळा हवा. उशीर झाला म्हणून रात्री गाडी पळवायची वेळच येता कामा नये.

वर्गात कसं वापराल?

चौथी-पाचवीच्या मुलांना महाराष्ट्राचा नकाशा, वरची अंतरं आणि एक कॅलेंडर द्या. तीन प्रश्न विचारा : मंगळवार टाळायचा तर कोणत्या वारी निघावं? लिटरला 18 किमी देणाऱ्या गाडीला किती पेट्रोल लागेल? नागपूरला सूर्य आपल्याआधी का मावळतो? अंतर, काळ, वेग, पैसे आणि रेखांश एकाच गोष्टीत येतात. पालकांनी घरच्या सहलीचं नियोजनही एकदा मुलांकडे सोपवून बघावं. कोणती तारीख आधी ठरवायची यावर मुलं भांडतील, आणि त्या भांडणातच नियोजन शिकतील.

थोडक्यात, नियम आधी, तारखा मग, मार्ग त्यानंतर आणि सामान सगळ्यात शेवटी. बहुतेक जण सामानापासून सुरुवात करतात. एकट्या प्रवाशाच्या चुका सावरायला शेजारी कुणी नसतं, म्हणून त्याने क्रम चुकवू नये.