दिवस जाण्याआधीचे ताट

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २००४ साली दोन डॉक्टरांचा फोटो छापला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा हिशेब, अगदी सारखा : २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! यातला एक मॅरेथॉन धावतो आणि दुसरा रोज सकाळी लिफ्टचे दार मिटायच्या आत पोहोचण्यापुरता, अशी थट्टाही त्यांनी स्वतःच केली आहे. जाता जाता मात्र त्यांनी आणखी एका गोष्टीकडे बोट दाखवले : याज्ञिकांचे जन्मवेळचे कमी वजन. मी या विषयात शिरलो तो या एका उल्लेखामुळे.

'मधुमेह आमच्या घराण्यातच आहे' असे म्हणत आपण दुसरी करंजी उचलतो, तेव्हा जनुक म्हणजे पिढीजात वतनाचा कागद असे आपण धरून चाललेलो असतो. कागदावरचा मजकूर सहसा बदलत नाही, हे खरे. पण त्यातले कोणते पान उघडायचे आणि कोणते मिटलेले ठेवायचे, हे पेशी वेगळ्या खुणांनी ठरवते. डोळ्याच्या आणि यकृताच्या पेशीत पोथी एकच. उघडलेली पाने निराळी. या खुणांच्या अभ्यासाला एपिजेनेटिक्स म्हणतात. त्यांतली सर्वांत परिचित खूण म्हणजे डीएनएला चिकटणारा मेथिल नावाचा चिमुकला रासायनिक गट. तो बहुधा पान मिटवतो. हे मेथिल गट पुरवणारी जी साखळी शरीरात चालते, तिला फोलेट आणि बी-१२ ही जीवनसत्त्वे लागतात, आणि ती अन्नातून यावी लागतात. स्वयंपाकघराची आणि जनुकांची गाठ पडते ती इथे.

माणसांना उपाशी ठेवून असा प्रयोग करता येत नाही. तो इतिहासाने केला. १९४४च्या हिवाळ्यात जर्मनांनी पश्चिम हॉलंडची अन्नाची रसद तोडली. शिधा दिवसाला हजार उष्मांकांच्याही खाली गेला; हजारो माणसे मेली. मे १९४५मध्ये देश मुक्त झाला आणि ताटे पुन्हा भरली. उपासमारीला अशी नेमकी सुरुवात आणि नेमका शेवट क्वचितच असतो. त्या काळात गर्भात आलेल्या ६० जणांचे रक्त सुमारे सहा दशकांनी तपासले गेले आणि त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी ताडून पाहिले गेले. वाढीशी संबंधित आयजीएफ-२ या जनुकावरच्या मेथिल खुणा त्यांच्यात सरासरीने कमी निघाल्या. फरक लहान होता; त्यावरून एखाद्याचे भविष्य सांगता येणार नाही. मला थबकवले ते वेगळ्याच गोष्टीने. ज्यांच्या आयांची उपासमार गरोदरपणाच्या अखेरीस झाली, ती मुले जन्मतः हलकी होती, पण त्यांच्यात ही खूण बदललेली नव्हती. ज्यांच्या बाबतीत उपासमार गर्भधारणेच्या सुमाराला होती, त्यांचे जन्मवेळचे वजन व्यवस्थित होते, आणि खूण मात्र राहून गेली होती. तराजूला पत्ताही लागला नाही.

पुण्याजवळच्या सहा खेड्यांत याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथे दुष्काळ नव्हता; होती ती रोजची कमतरता. बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५. पण ही किडकिडीत बाळे स्नायूंत कमी पडत होती, कातडीखालच्या चरबीत तेवढी नाही. फोटोतला विरोधाभास इथे पाळण्यातच सापडला. सुमारे दोनतृतीयांश आयांत बी-१२ कमी होते. फोलेटची कमतरता मात्र क्वचित. भाजीपाल्यातून फोलेट मिळते. बी-१२ मात्र दूध, अंडी, मांस-मासळीतूनच. गरोदरपणी फोलेट भरपूर आणि बी-१२ तोकडे अशा आयांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसली. यामागे मेथिल खुणाच आहेत, असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. संशयाची सुई तिकडे वळते, इतकेच.

या शास्त्राचे नाव घेऊन आता गर्भसंस्काराचे वर्ग आणि डबेही विकले जातात. बाळात काही उणे निघाले की बोट आईकडे दाखवायला नवे निमित्त! आपल्याकडे बाईचे ताट कौतुकाने भरायचे ते सातव्या महिन्यात, डोहाळजेवणाला. हॉलंडमधली ती खूण मात्र दिवस गेल्याचे कळायच्या सुमारासच उमटून गेलेली. तिच्या आधीची अठरा-वीस वर्षे ती मुलगी घरातल्या पुरुषांनंतर जेवत होती, उरलेसुरले दूध पीत होती, त्याचा हिशेब डब्यावर छापलेला नसतो. पुण्याच्या अभ्यासात तर बायकांच्या कष्टांचीही मोजदाद झाली. ज्यांना अंगमेहनत जास्त, त्यांची बाळे हलकी. हे काम कुणी वाटून घ्यायचे, ते कोणत्याही वर्गात शिकवत नाहीत.

त्या खेड्यांत जन्मलेली मुले वयात आल्यावर याज्ञिकांच्या गटाने पुढचा प्रयोग हाती घेतला : त्यांचे लग्न, मूलबाळ होण्याआधीच त्यांना रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ द्यायचे. गोळ्या मुलींना दिल्या, आणि मुलग्यांनाही.