जुनी मोटरबोट : दुरुस्त करावी की भंगारात काढावी?

वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या मोटरबोटीची किंमत तिच्या इंजिनावर ठरत नाही, सांगाड्यावर ठरते. इंजिन बाजारात मिळते, आतून कुजलेला सांगाडा मात्र जवळजवळ नव्याने बांधावा लागतो. मोर्शीजवळचे अप्पर वर्धा धरण असो, महानचा काटेपूर्णा जलाशय असो की चिखलदऱ्याचा शक्कर तलाव, वऱ्हाडातले पाणी गोडे आहे आणि ही गोष्ट तपासणीत फार महत्त्वाची ठरते. समुद्राचे खारे पाणी इंजिनाचा धातू खाते. गोड्या पाण्यात धातू त्या मानाने सुखरूप राहतो, पण लाकूड लवकर कुजते आणि फायबरच्या थरांत पाणी जास्त सहज शिरते. त्यात काठावर उलटी न करता ठेवलेल्या बोटीत पावसाचे पाणी साठते. पाण्यावर चालणाऱ्या बोटीपेक्षा कोरड्यावर पडलेली बोट अनेकदा लवकर मरते, ती या साठलेल्या पाण्यामुळे.

फायबरच्या बोटीवर वरचा रंगीत थर जेलकोटचा असतो. अकोल्याच्या उन्हात तो खडूसारखा पांढुरका पडतो, हात लावला की भुकटी लागते. हे दिसायला वाईट असले तरी फारसे गंभीर नाही. घासून, पॉलिश करून किंवा रंगवून भागते. पाण्याखाली राहणाऱ्या भागावर मात्र फोड दिसले तर थांबावे. आतल्या रेझिनमध्ये मुरलेल्या पाण्याने ते येतात. फोड फोडला तर आंबूस, व्हिनेगरसारखा वास येतो आणि द्रव जोरात उडतो, म्हणून डोळ्यांना चष्मा हवाच. चार-दोन फोड घासून भरता येतात. सगळा तळ फोडांनी भरला असेल तर थर सोलून, महिनोन्महिने वाळवून पुन्हा चढवावा लागतो आणि तो खर्च साध्या सहलीच्या बोटीला परवडत नाही.

यानंतर बोट वाजवून पाहावी. मडके विकत घेताना वाजवतात तसेच हे आहे. लहान हातोडीच्या दांड्याने किंवा नाण्याने ठोकत गेले की भक्कम फायबर खणखणीत बोलते, थर सुटलेल्या किंवा भिजलेल्या जागी आवाज बद्द येतो. त्या जागांवर खडूने खूण करत जावे. खुणा एकमेकींना भिडू लागल्या की उत्तर मिळाले असे समजावे. वजनही पाहावे. तराफ्यासारखी तरंगावी म्हणून अनेक बोटींच्या तळातल्या पोकळीत फोम भरलेला असतो आणि तो पाणी पितो. ट्रॉलीसह वजनकाट्यावर नेऊन ट्रॉलीचे वजन वजा केले आणि उरलेला आकडा कंपनीने दिलेल्या वजनाहून बराच जास्त निघाला, तर फोम भिजलेला आहे.

सगळ्यात काळजीने तपासायचा भाग म्हणजे ट्रान्सम, बोटीची मागची सपाट पाटी. आउटबोर्ड इंजिन तिच्यावरच टांगतात. बाहेरून फायबर दिसले तरी पुष्कळ बोटींत आत प्लायवूड असते. इंजिनाच्या बोल्टची छिद्रे नीट सील केली नसतील तर तिथून पाणी झिरपते आणि वरचे कवच शाबूत असतानाच आत लाकडाचा भुसा होतो. इंजिन वर उचलून ठेवावे आणि त्याचे खालचे टोक धरून वर-खाली हलवावे. पाटी वाकली किंवा सांध्याजवळ भेग उघडली तर ती गेलेली आहे. शंका उरली तर आतल्या बाजूने, खालच्या अंगाला बारीक ड्रिल मारावे. कोरडा, फिका भुसा आला तर लाकूड चांगले. ओला, काळपट आला तर पाटी कापून नवी बसवण्याचा हिशेब धरावा. असे इंजिन वेगात असताना पाटीसकट सुटू शकते.

मग इंजिन. दोरी ओढून पाहण्याचा मोह आधी आवरावा. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, काही तासांनी फ्लायव्हील हाताने फिरवावे. फिरत असेल तर गेज लावून कॉम्प्रेशन मोजावे. आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. तो दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त असेल तर इंजिन उघडावे लागेल. खालच्या गिअरपेटीचे तेल दुधाळ निघाले तर पाणी शिरले आहे. आपल्या जलाशयांवर याचे नेहमीचे कारण म्हणजे पंख्याच्या दांड्याला गुंडाळलेला मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन दोरा. तो सील कापतो. थंड पाणी खेचणाऱ्या पंपाचा रबरी इम्पेलर न तपासता बदलावा. जुने पेट्रोल फेकून द्यावे. इथेनॉल ओलावा ओढतो आणि टाकीच्या तळाशी पाणी वेगळे होते. इंजिन सुरू करायचेच तर खालचा भाग पाण्याने भरलेल्या पिंपात बुडवूनच. वायरिंग दुरुस्त करत बसू नये, नवे टाकावे.

बचाव पथकांकडच्या रबरी बोटींची तपासणी निराळी. तिथे कापडाआधी सांध्यांचा गोंद हार मानतो आणि पत्र्याच्या गोदामातल्या उन्हाळ्याने हे काम लवकर होते. हवा भरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे आणि रात्रभर ठेवावे. पहाटे दाब थोडा कमी होणे हा गारव्याचा परिणाम. सांधे सुटत असतील तर पूरप्रसंगी ती बोट पाण्यात उतरवू नये.

कागदपत्रेही याच टप्प्यावर पाहावीत. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी अंतर्देशीय नौका कायदा, २०२१ आला आहे. यंत्रावर चालणाऱ्या नौकेला नोंदणी आणि सर्वेक्षणाचे प्रमाणपत्र लागते, त्यात प्रवाशांची मर्यादाही ठरते. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरुड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जण बुडाले. ती साधी नाव होती, पण किती माणसे बसवायची हा प्रश्न मोटरबोटीलाही तेवढाच लागू होतो. मोठी दुरुस्ती केल्यावर वजन बदलते, म्हणून नव्याने सर्वेक्षण करून घ्यावे.

सांगाडा भक्कम, ट्रान्सम कोरडा आणि इंजिन मात्र बंद, अशी बोट घ्यायला हरकत नाही. उलट स्थितीतली बोट, म्हणजे इंजिन गुणगुणते आणि पाटी मऊ लागते, ती इंजिनापुरतीच विकत घ्यावी.