न दिसणारे प्रश्न

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. येथे घडणाऱ्या रेल्वे रुळाच्या अंगावरच त्याची जन्मकुंडली उमटलेली असते. कारखान्याची खूण, रुळाचा प्रकार, महिना आणि वर्ष ही अक्षरे लाटतानाच उठतात. ज्या पोलादरसातून तो रूळ निघाला त्या रसाचा, म्हणजे 'हीट'चा क्रमांक तो तप्त असतानाच ठोकला जातो. दूरच्या लोहमार्गावर एखाद्या रुळास तडा गेलेला आढळला, की त्याच हीटचे इतर रूळ कोठे आहेत हा प्रश्न उभा राहतो. त्याच्या उत्तराला विलंब परवडत नाही.

हे उत्तर देणारी नोंदवही संगणकाच्या डेटाबेसमध्ये आहे, अशी कल्पना करू. १९७० साली एडगर कॉड यांनी मांडलेल्या संबंधाधिष्ठित रचनेप्रमाणे हीट एका तक्त्यात, रूळ दुसऱ्यात व रवानगी तिसऱ्यात असेल. आज्ञावली लिहिणारा मात्र तक्त्यांचा नव्हे, तर वस्तूंचा विचार करतो. या दोघांमध्ये एक दुभाषा बसविला जातो. त्यालाच ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपर म्हणतात. जावा भाषेतील हायबरनेट आणि पायथॉनमधील जँगोचा मॅपर ही त्याची परिचित उदाहरणे होत. दुभाषा प्रामाणिक असतो. पण संभाषण कोठे चालले आहे हे त्याला ठाऊक नसते.

समजा, एका हीटचे दीडशे रूळ आहेत. त्यांची यादी मागितली की एक क्वेरी जाते. पुढे प्रत्येक रुळाचे रवानगीचे ठिकाण छापावयाचे म्हटले, की दुभाषा प्रत्येक वेळी पुन्हा डेटाबेसकडे धाव घेतो. एकूण क्वेरी झाल्या एकशे एक्कावन्न! जाण्यायेण्यासह प्रत्येकीस पाच मिलिसेकंद धरले तर पाऊण सेकंद जातो. वीस हीट संशयास्पद ठरल्या, तर तीन हजार रुळांसाठी पंधरा सेकंद. दहा रुळांवर चाचणी घेणाऱ्यास हे कधीच जाणवत नाही.

निदानातील खरी फसगत येथेच होते. मंद क्वेरींची नोंद तपासली तर ती कोरी आढळते, कारण यांतील एकही क्वेरी मंद नसते. म्हणून प्रथम काळ न मोजता संख्या मोजावी. जँगो व हायबरनेट या दोहोंत पाठविलेली प्रत्येक क्वेरी पाहण्याची सोय आहे. पोस्टग्रेसमध्ये एकाच साच्याची क्वेरी किती वेळा चालली याची गणना ठेवता येते. तेच वाक्य केवळ क्रमांक बदलून पुन्हा पुन्हा दिसले, की रोग सापडला.

जँगोत 'सिलेक्ट रिलेटेड' सांगितल्यास तक्ते जोडून सारे एकाच क्वेरीत येते. 'प्रीफेच रिलेटेड' सांगितल्यास दुसऱ्या एका क्वेरीत उरलेले सर्व आणले जाते. मात्र सरसकट जोडण्याचा सोसही बरा नव्हे. प्रत्येक रुळाच्या चार चाचण्या आणि तीन शेरे एकाच वेळी जोडले, तर दीडशे रुळांच्या अठराशे ओळी होतात.

एवढे करूनही एखादी क्वेरी एकटीच मंद राहिली, तर 'एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ' ही आज्ञा द्यावी. डेटाबेसने सूचीचा आधार घेतला की सारा तक्ता चाळला, तसेच त्याने अंदाजलेल्या ओळी व प्रत्यक्ष ओळी किती, हे तीत दिसते. अंदाज फारच चुकला असेल, तर तक्त्याची आकडेवारी जुनी झाल्याचा संशय घ्यावा. कधी दोष दुभाष्याच्या शब्दनिवडीत असतो. अक्षरांचा लहानमोठेपणा न पाहता हीटचा क्रमांक शोधण्यास सांगितले, तर पोस्टग्रेससाठी जँगो तो रकाना मोठ्या अक्षरांत बदलून मग तुलना करतो. आणि मूळ रकान्यावरील साधी सूची असूनही निरुपयोगी ठरते. अशा वेळी बदललेल्या रूपावरच सूची करावी लागते. ही आज्ञा क्वेरी खरोखर चालविते, हे ध्यानात असू द्यावे. नोंदी पुसणारी क्वेरी तपासावयाची असेल, तर ती मागे घेता येईल अशा व्यवहारातच चालवावी.