पोटभर जेवणाचे अर्थकारण

परगावी कामासाठी गेलेल्या माणसाची खरी परीक्षा दुपारी एकच्या सुमारास सुरू होते. कचेरीतले साहेब जेवायला गेलेले असतात, ‘तीननंतर या’ असे शिपायाने सांगितलेले असते आणि पहाटेच्या एस.टी.पूर्वी घेतलेल्या चहाचा आधार केव्हाच संपलेला असतो. अशा वेळी तो पानपट्टीवाल्याला विचारतो, ‘जवळपास साधे जेवण कुठे मिळेल?’ या प्रश्नातील ‘साधे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नवी चव नको, पदार्थांची लांब यादी नको. गरम पोळी, भाजी, आमटी-भात, कोशिंबीर आणि शेवटी वाटीभर ताक मिळावे आणि उठताना पोट भरलेले असावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. ती पुरी करणारी संस्था म्हणजे जुन्या वळणाची खानावळ.

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर मूकपटांचे दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ साली सुरू केलेले पूना गेस्ट हाउस किंवा मुंबईत माटुंगा स्थानकाजवळ १९४२ साली सुरू झालेले, केळीच्या पानावर जेवण वाढणारे रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग ही त्यांतील नामांकित घरे. पण जिल्ह्याच्या प्रत्येक गावी अशी एखादी बिननावाची खोली असतेच. आधी कुपन घ्यायचे, रिकाम्या जागेवर बसायचे, आणि वाढपी ‘घ्या की अजून एक’ म्हणत पोळी वाढून पुढे सरकतो.

ठरावीक पैशांत हवे तितके जेवण मालकाला परवडते कसे? दहा जणांत कोणी दोन पोळ्यांवर थांबतो, कोणी आठ खातो; भाव ठरतो तो सरासरीवर. शिवाय जागेचे भाडे, आचाऱ्याचा पगार, भट्टीचा गॅस हे खर्च आधीच झालेले असतात. त्यांच्या मानाने एका जादा पोळीचा खर्च किरकोळ असतो. म्हणून मालकाला आग्रह परवडतो. अल्पाहारी म्हातारा नकळत शेजारच्या भुकेल्या हमालाच्या जेवणाचा काही भार उचलतो; यात कोणी दाता नाही आणि कोणी याचकही नाही. राज्य शासनाने २६ जानेवारी २०२० रोजी सुरू केलेल्या शिवभोजन थाळीत दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण व भात असे मोजके जेवण होते आणि उरलेला भार सरकारी तिजोरीवर होता. खानावळीत तोच भार पंक्तीतल्या पंक्तीत वाटला जातो.

प्रवाशाच्या दृष्टीने याहूनही मोठी गोष्ट वेगळीच आहे. पुन्हा कधीही न येणाऱ्या गिऱ्हाइकाला शिळी भाजी आणि पाणचट आमटी वाढण्याचा मोह कोणत्याही विक्रेत्याला होऊ शकतो. तो आवरला जातो तो खानावळीच्या महिनेवारी मेंबरांमुळे. भाड्याच्या खोलीत राहणारा विद्यार्थी, बदलीवर आलेला कारकून, एकटे राहणारे शिक्षक हे रोज दोन वेळा तेथेच जेवतात. आमटी बिघडली की दुसऱ्या दिवशी तक्रार होते आणि महिनाअखेर मेंबर तुटतो. या राखणीचा लाभ एका दिवसाच्या पाहुण्याला फुकट मिळतो. खानावळीत परक्याची फसवणूक होत नाही, याचे कारण तेथील सगळेच परके नसतात.

अर्थात जुन्या पंक्तीचे गुणगान करताना तिची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. काही खानावळींच्या दारावर जातीचा पहारा होता. १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यासाठी गेलेल्या बाबासाहेब आंबेडकरांना पारशी विश्रामगृहाचा आश्रय घ्यावा लागला आणि जात कळताच तेथूनही बाहेर पडावे लागले. सार्वजनिक उपाहारगृहात प्रवेश हा प्रत्येकाचा हक्क ठरला तो १९५० साली, राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने. १९५५ च्या कायद्याने तो नाकारणे हा गुन्हा झाला. खानावळ खऱ्या अर्थाने प्रवाशाची झाली ती त्यानंतर.

आज ही संस्था आकसत आहे. जागेचे भाडे वाढले की मालकाला पोळीपेक्षा खुर्ची महाग पडते. तेव्हा ‘अमर्यादित’ची पाटी उतरते आणि मोजकी थाळी येते. विद्यार्थ्यांना डबा खोलीवर पोहोचू लागला की मेंबर घटतात, आणि मेंबर घटले की राखणही जाते. हमरस्त्यावरच्या थांब्यावर तर ती मुळातच नसते. तेथे उतरणारा प्रत्येक जण एकदाच येणारा, वीस मिनिटांचा बंदी असतो. गाडी थांबली तेथेच त्याने खायचे.

म्हणूनच बसस्थानकातील आणि महामार्गावरील उपाहारगृहांचे परवाने देताना सर्वांत मोठी बोली एवढाच निकष ठेवला, तर ती रक्कम शेवटी प्रवाशाच्या ताटातूनच वसूल होणार, हे उघड आहे. त्याऐवजी एका साध्या, पोटभर जेवणाचा दर्जा आधी ठरवून द्यावा आणि ते जो कमीत कमी दरात देईल त्याला जागा द्यावी. महामंडळाला भाडे कमी मिळेल. पण राखण करणारे मेंबर जेथे नाहीत, तेथे ते काम परवान्याच्या अटींनीच केले पाहिजे. शिवाय चालक-वाहकांना आणि प्रवाशांना एकाच भांड्यातले अन्न मिळेल, एवढी एक अट घातली तरी रोज जेवणारा, तक्रार करू शकणारा मेंबर तेथे निर्माण होईल.

तीन वाजता त्या माणसाला पुन्हा कचेरीच्या दारात उभे राहायचे आहे. साहेब भेटतील की नाही, कागद पुढे सरकेल की नाही, हे त्याच्या हाती नाही. निदान तेथे त्याने उपाशी पोटी उभे राहू नये, एवढी सोय समाजाला करता आली पाहिजे.