नाण्यांची पारख (लेखांक 9) : अनोळखी सेंट

1793 ते 1814 या काळात फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने पाडलेल्या तांब्याच्या मोठ्या सेंटची ओळख नुसत्या सालावरून पटत नाही. ती ठशांवरून पटते. स्वातंत्र्यदेवतेचे मस्तक बहुतेक वर्षी एकाच मूळ आकृतीवरून पोलादी ठशावर उठवले जाई. अक्षरे, आकडे आणि पानाफळांचे बारकावे मात्र कारागीर एकेक पंच टेकवून हातोडीने उमटवत असे. साहजिकच दोन ठसे तंतोतंत सारखे निघत नसत. पोलादही फारसे चांगले नव्हते. एका बाजूचा ठसा तडकून निकामी झाला, की दुसऱ्या बाजूच्या ठशाला नवा जोडीदार मिळे. पुढचा एक आणि मागचा एक अशा ठशांची प्रत्येक वेगळी जोडी म्हणजे एक ठसाभेद.

या भेदांची मोजदाद जुनी आहे. फिलाडेल्फियाचे डॉक्टर एडवर्ड मॅरिस यांनी 1869 मध्ये 1794 च्या सेंटची यादी छापली. त्यांनी एका मस्तकाला हनुवटीवरून ‘डबल चिन’ असे नाव दिले. 1949 मध्ये विल्यम शेल्डन यांनी 1793 ते 1814 च्या सेंटना 1 ते 295 असे क्रमांक लावले. ज्यांचे जेमतेम दोन-तीन नमुने ठाऊक होते, त्यांची वेगळी यादी केली. आजही संग्राहक ‘शेल्डन अमुक’ असेच बोलतात. यादीत न बसणारे नाणे हाती आले, की पहिला प्रश्न नाणे नवे आहे का हा नसतो. पाहणाऱ्याची नजर चुकली का, हे आधी तपासावे लागते.

पाहण्याची रीत अशी. मागच्या बाजूला पुष्पचक्रातील पानांची टोके कोणत्या अक्षराखाली येतात, फळे किती आणि कोणत्या बाजूला आहेत, 1/100 या अपूर्णांकाची रेघ कशी आहे, हे टिपायचे. पुढच्या बाजूला सालाच्या आकड्यांमधली अंतरे आणि केसांच्या बटांपासून LIBERTY ची अक्षरे किती दूर आहेत, ते मोजायचे. कारागिराच्या चुका इथे फार उपयोगी पडतात. 1796 च्या एका ठशावर B चा पंच उलटा बसला आणि नंतर दुरुस्त केला गेला, म्हणून ते अक्षर H सारखे दिसते. 1801 च्या एका ठशावर तर तीन चुका एकत्र आहेत : UNITED मधला U दोन I जवळ जवळ ठेवल्यासारखा, पुष्पचक्राचा डावा देठ गायब आणि अपूर्णांक 1/000. झिजलेल्या नाण्यावरही अशा खुणा सापडतात.

‘नवा’ वाटणारा सेंट पुष्कळदा जुन्याच ठशाची पुढची अवस्था निघतो. ठशाला गेलेला तडा वाढतच जातो, तो कधी बुजत नाही. 1804 चा सेंट याचे उत्तम उदाहरण आहे. त्या सालाची ठशांची जोडी एकच, पण अवस्था तीन : आधी निर्दोष, मग पुढच्या बाजूला RTY वरची कडा फुटलेली, शेवटी मागच्या बाजूला MERIC वरचीही कडा फुटलेली. कडेचा असा फुगीर तुकडा पाहून कोणी निराळा ठसा मानला, तर तो फसला.

हे साल दुर्मीळ असल्याने खोट्याची परीक्षाही त्यावरच शिकता येते. अस्सल 1804 मध्ये सालातील 0 हा मागच्या बाजूच्या OF मधल्या O च्या बरोबर पाठीशी येतो. दुसऱ्या सालाचा आकडा कोरून 1804 बनवलेल्या नाण्यात हा मेळ सहसा जमत नाही, आणि भिंगाखाली आकड्याभोवतीचे तांबे खरवडलेले दिसते. त्याहून बोधप्रद आहे 1860 च्या सुमाराचे ‘पुनर्मुद्रण’. टांकसाळीतून बाहेर पडलेला 1803 चा पुढचा ठसा बदलून 1804 केला गेला आणि त्याला 1820 चा मागचा ठसा जोडला गेला. दोन्ही ठसे मुळात टांकसाळीचे, तरी जोडी अशक्य : 1820 च्या मागच्या बाजूवर अपूर्णांकच नाही. म्हणूनच माहीत असलेल्या दोन ठशांची नवी जोडी पुढे आली, तर दोन्हींच्या तड्यांची अवस्था त्यांच्या वापराच्या क्रमात बसते का, हे पाहणे सर्वांत भक्कम परीक्षण ठरते. क्रमात न बसणारे नाणे कितीही देखणे असले तरी त्यावर विश्वास ठेवू नये.

यानंतर धातू. 1793 ते 1795 मधील जाड सेंटचे कायदेशीर वजन 208 ग्रेन, म्हणजे 13.48 ग्रॅम होते. पुढे ते 168 ग्रेन, म्हणजे 10.89 ग्रॅम झाले. त्या काळच्या चकत्या कमी-अधिक भरत, शिवाय झीज असतेच. पण मोठी तफावत शंकेला पुरेशी असते. शुद्ध तांब्याची घनता सुमारे 8.9 असते. विद्युत्‌विलेपनाने दोन पातळ कवचे करून मध्ये शिसे भरलेले नाणे पाण्यात तोलले, की आकडा बिघडतो आणि कडेला सांधा सापडतो. ओतीव नाण्यावर बारीक खड्डे व बोथट अक्षरे दिसतात. आधुनिक बनावट मात्र अस्सल नाण्यावरून ठसा उतरवून पाडलेली असते. त्या मूळ नाण्यावरचा ठोका, ओरखडा ठशात उतरतो आणि प्रत्येक नकलेवर त्याच जागी येतो. चलनात पडलेला ठोका दोन अस्सल नाण्यांवर हुबेहूब असू शकत नाही. एकाच ‘नव्या’ भेदाचे दोन नमुने समोर आले, तर हे सर्वांत आधी पाहावे.

अशाच खुणा मालकीचाही पुरावा देतात. न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील उत्तम सेंट काढून त्या जागी त्याच भेदांचे हलक्या प्रतीचे सेंट खुद्द शेल्डन यांनीच ठेवल्याचे त्यांच्या मृत्यूनंतर जुन्या छायाचित्रांशी नाणी ताडून सिद्ध झाले. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. ज्याने भेद ओळखायला शिकवले, त्याच्याच हातून असे घडावे, ही या विषयातील खेदाची बाब आहे.

यादीबाहेरचा सेंट ज्याच्या हाती येईल, त्याने तो घासू नये, धुऊ नये, त्याला तेलही लावू नये. दोन्ही बाजू आणि कडा यांची छायाचित्रे काढावीत, वजन नोंदवावे आणि नाणे प्रत्यक्ष हाती घेऊन पाहणाऱ्या जाणकारापुढे ठेवावे. केवळ छायाचित्रावरून दिलेला निकाल ग्राह्य धरू नये.