डॅलसच्या थांब्यात एक डाव
डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर २०१८ साली ‘गेमवे’ हे व्हिडिओ गेम लाउंज सुरू झालं, टर्मिनल बी आणि ई दोन्हीकडे. ऐसपैस खुर्ची, समोर मोठा पडदा, हातात एक्सबॉक्सचा कंट्रोलर आणि कानांवर गोंगाट अडवणारे हेडफोन. जपायचं ते या हेडफोनपासूनच. बोर्डिंगची घोषणा कानी पडत नाही, तेव्हा मोबाइलवर गजर लावूनच खेळायला बसा. टर्मिनल बदलायला आतल्या आत धावणारी स्कायलिंक गाडी आहे, फुकट.

भारतातून येणाऱ्यांनी मात्र वेळेचा हिशेब आधी करावा. अमेरिकेतला पहिला विमानतळ हाच असेल, तर पुढचं विमान गाठायचं असलं तरी सहसा इमिग्रेशन, सामान, कस्टम्स आणि पुन्हा सुरक्षा तपासणी चुकत नाही. दोन तासांच्या थांब्यात खेळाचा विचारही नको.